परक्या ताटातलं अन्न : व्रत कोणतं आणि सवय कोणती?

॥ श्रीगुरुचरणी साष्टांग नमस्कार ॥



गेल्या काही महिन्यांत निरनिराळ्या केंद्रांतून एकच प्रश्न फिरून फिरून येतो आहे. कुणाचा मुलगा नोकरीसाठी परदेशी निघालाय, कुणाची लेक-जावई दोन-तीन वर्षांसाठी चाललेत. आईचा पहिला प्रश्न असतो, "तिकडे खाणार काय?" आणि दुसरा, जरा दबक्या आवाजात, "मग नेमाचं काय करायचं?"

या पाठात आपण जपानचं उदाहरण घेऊया. आम्ही उभयता मुलाकडे टोकियोला तीन महिने राहून आलो, तिथे काही शिकलो आणि एक मोठी चूकही करून आलो. शिवाय शाकाहार पाळणाऱ्याची खरी परीक्षा त्या देशात होते. तिथे मासा ताटात दिसत नाही, पण असतो. जपानात जे जमलं ते जर्मनीत, दुबईत किंवा कॅनडातही जमेल.

*१) आधी आपल्याच घरात डोकावू*

आपण बहुतेक सगळे मूळचे कुठले ना कुठले, आणि राहतो भलतीकडेच. बडोद्याच्या मराठी घरातली आमटी पुण्याच्या माणसाला गोड लागते. इंदूरच्या घरात पोह्यांवर शेव आणि जीरावण नसेल तर पोहे झाले असं कुणी म्हणत नाही. हैदराबादच्या आपल्या घरांत चिंच जरा सढळ पडते. बेळगावात कुंदा घरचाच झालाय. गोव्यात नारळाशिवाय पान हलत नाही.

आपले पणजोबा-खापरपणजोबा या गावांत आले तेव्हा त्यांनाही तिथलं पाणी, पीठ, तेल, तिखट सगळं परकंच होतं. त्यांनी आमटीची चव बदलू दिली. देवापुढचा नैवेद्य, एकादशी, श्राद्धाचा स्वयंपाक, दारी आलेल्याला घासभर देणं मात्र धरून ठेवलं. काय सोडायचं आणि काय धरायचं याची निवड आपल्या घराण्यांनी एकदा केलेली आहे. आता मुलांवर तीच वेळ आली आहे, एवढंच.

*२) तीन गाठोडी*

परदेशी जाताना खाण्याबाबत आपण तीन गाठोडी घेऊन जातो. ती एकात एक बांधलेली असतात म्हणून गोंधळ होतो. ती सोडून वेगवेगळी ठेवूया.

*पहिलं गाठोडं : व्रत.* समजून-उमजून, गुरूंपुढे किंवा देवापुढे घेतलेला नियम. कुणी मांस-मासे सोडलेत, कुणी दारू, कुणी चातुर्मासात कांदा-लसूण. गोव्यातल्या आपल्या कितीतरी घरी मासे चालतात, पण सोमवारी किंवा श्रावणात नाही. ते त्यांचं व्रत. ओळखायची खूण अशी : "हा नियम मी कधी आणि का घेतला?" याचं उत्तर सरळ देता येतं.

*दुसरं गाठोडं : सवय.* जेवण गरमच हवं, पोळी दोन्ही वेळा हवी, हातानेच कालवायचं, फोडणी चरचरली पाहिजे. यात वाईट काही नाही. पण ही सुटली म्हणून साधना अडत नाही. खूण अशी : चार दिवस मिळालं नाही तर चिडचिड होते, पण ती का होते ते सांगता येत नाही.

*तिसरं गाठोडं : नाक मुरडणं.* "शी, हे काय खातात!" हे ना व्रत, ना सवय. तरी आपण ते व्रताच्या कापडात गुंडाळून नेतो, आणि म्हणून ते सर्वात धोक्याचं. खूण अशी : ते बोललो नसतो तर कुणाचं काहीच बिघडलं नसतं.

तैत्तिरीय उपनिषदात अन्नाची निंदा न करणं हेच एक व्रत म्हणून सांगितलं आहे. म्हणजे एक व्रत सांभाळताना नाक मुरडलं, तर दुसरं व्रत तिथल्या तिथे मोडलं. हे आम्ही वाचलेलं होतं, प्रवचनात ऐकलेलंही होतं. कळलं मात्र टोकियोत.

*३) आमच्याकडून काय चुकलं*

मुलगा राहतो तो निशी-कासाई भाग टोकियोच्या पूर्वेला, एदोगावा विभागात आहे. साधारण २००० सालापासून संगणकाच्या कामासाठी आलेली भारतीय कुटुंबं तिथे वस्ती करून आहेत. तूरडाळ, हिंग, साबुदाणा असं सगळं त्या भागात मिळतं. त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो.

पहिल्याच आठवड्यात दुपारी बेल वाजली. शेजारच्या आजी दारात उभ्या. ऐंशीच्या आसपास वय, कमरेत वाकलेल्या, दोन्ही हातांत झाकणाचा छोटा डबा. आत लाल भोपळ्याच्या फोडी, सालासकट शिजवलेल्या, तुकतुकीत. सूनबाई घरी नव्हती. आम्ही झाकण उघडलं, वाफेबरोबर माशाचा बारीकसा वास आला. एकीचा हात आपोआप नाकाकडे गेला. दुसऱ्याने दोन्ही हात हलवत "नो, नो, फिश" म्हटलं आणि डबा तिथेच परत दिला.

आजींनी दोनदा कमरेत वाकून "सुमिमासेन" म्हटलं आणि त्या गेल्या. हा शब्द एव्हाना आम्हाला ठाऊक झाला होता. त्याचा अर्थ "माफ करा". चूक आमची, आणि माफी त्यांनी मागितली.

संध्याकाळी आम्ही हे जरा अभिमानानेच सांगितलं, की बघा, नेम मोडू दिला नाही. सूनबाई थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "आई, डबा दोन्ही हातांनी घ्यायचा होता. खायचं की नाही ते आपण घरात ठरवलं असतं. वरच्या मजल्यावरच्या बंगाली काकू मासे खातात, त्यांच्याकडे दिला असता. आजींनी तुम्ही आलात म्हणून मुद्दाम केलं होतं."

त्या रात्री जेवण गेलं नाही. आपल्या दारी कुणी पुरणपोळी वास घेऊन परत केली असती तर आपण ती गोष्ट किती वर्षं बोलून दाखवली असती?

चौथ्या दिवशी बेसनाचे लाडू केले. सूनबाईने फोनवर जपानीत चार ओळी लिहून दिल्या : तुमच्या हातच्या अन्नाचा अपमान करायचा नव्हता. आम्ही गुरूंपुढे नियम घेतला आहे, म्हणून मांस-मासे आणि त्यांचा रस घेत नाही. आम्ही चुकीच्या रीतीने नाही म्हटलं, माफ करा. आजींनी फोन हातात धरून बराच वेळ वाचलं. मग मान डोलावली आणि एकच शब्द बोलल्या, "शोजिन."

सूनबाईने अर्थ सांगितला तेव्हा आम्हाला कसंसंच झालं. शोजिन म्हणजे तिथल्या बौद्ध मठांतला, व्रतस्थ लोकांचा आहार. आमचा नेम आजींना चांगला ठाऊक होता, त्याला त्यांच्या भाषेत नावसुद्धा होतं. फक्त आम्ही तो त्यांना सांगितलाच नव्हता.

पुढे त्यांनी शिजवलेलं काही आणलं नाही. ऑक्टोबरच्या शेवटी एकदा पिकलेली काकी फळं आणली, केशरी, टोमॅटोएवढी. ती दोन्ही हातांनी घेतली.

*४) मासा दिसत नाही, पण असतो*

आता माहितीचा भाग. जाणाऱ्या मुलांनी हा नीट वाचावा.

आपल्याकडे जशी फोडणी, तसं त्यांच्याकडे *दाशी*. हे एक पातळ पाणी असतं, जपानी स्वयंपाकाचा पायाच तो. बहुधा दोन गोष्टींचं करतात : *कोम्बू* म्हणजे समुद्रातलं रुंद पट्ट्यांचं शेवाळ, आणि *कात्सुओबुशी* म्हणजे बोनिटो मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक वाळवून काढलेला त्याचा कीस. कुठे कुठे वाळवलेल्या बारीक माशांचंही करतात. मिसोचं सूप, उदोन आणि सोबा या शेवयांचा रस्सा, भज्यांबरोबरचं पाणी, शिजवलेल्या भाज्या, सगळ्यांत दाशी असते. नुसती पालकाची भाजी किंवा तोफू मागवलं तरी वरून तो कीस भुरभुरलेला असू शकतो.

नुसत्या कोम्बूची किंवा वाळवलेल्या शिताके अळंबीचीही दाशी होते, आणि ती पूर्ण शाकाहारी असते. कोम्बूत चव भरपूर असते. किकुनाए इकेदा या शास्त्रज्ञाने १९०८ साली कोम्बूच्याच पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला *उमामी* हे नाव दिलं. घरी आमटीत कोम्बूचा एक तुकडा टाकून पाहा. आम्ही टाकला, आमटी बिघडली नाही.

"मांस नको" म्हटलं की पुष्कळदा मासा पुढे येतो. त्यात फसवणूक नसते. जपानीत *निकु* म्हणजे मांस. मासा तो *साकाना*, वेगळा शब्द, वेगळा विचार. याला इतिहास आहे. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मू यांनी वर्षातले काही महिने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर बंदी घातली. बौद्ध विचारामुळे पुढेही असे हुकूम निघत राहिले. ते सगळ्यांनी काटेकोर पाळले असं नाही, पण मांस रोजच्या जेवणातून मागे पडलं आणि मासा राहिला. सम्राट मेइजी यांनी १८७२ साली गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं, त्यानंतर मांस उघडपणे वाढलं. म्हणजे त्या लोकांच्या मनात "मांस सोडलं" आणि "मासा सोडला" या दोन निराळ्या गोष्टी आहेत. म्हणून दोन्ही शब्द सांगावेत, आणि तिसरा दाशीचा.

हे वाक्य पाठ करा : *"निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन. दाशी मो दामे देसु."* मांस आणि मासे मला चालत नाहीत, दाशीसुद्धा नको. हेच जपानी लिपीत कार्डावर लिहून खिशात ठेवावं.

आणखी काही बारकावे :

• पाकिटावर ॲलर्जीचा तक्ता असतो. अंडं, दूध, गहू, शेंगदाणा, कोळंबी, खेकडा त्यात दिसतात. बोनिटो त्या यादीत नाही. म्हणून तक्त्यात "मासा नाही" असं वाटलं तरी घटकांची पूर्ण यादी फोनच्या कॅमेऱ्याने वाचावी.

• करीच्या तयार वड्यांत पुष्कळदा गाईची किंवा डुकराची चरबी असते. जे मासे खातात पण हे वर्ज्य मानतात, त्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. रामेनचा रस्साही बहुधा हाडांचा असतो.

• मिसो घेताना साधा घ्यावा. "दाशी-इरी" लिहिलेल्या मिसोत दाशी आधीच मिसळलेली असते. नात्तोच्या डबीतली सॉसची पुडी बाजूला काढावी.

• भाताचे त्रिकोणी गोळे, *ओनिगिरी*, जागोजागी मिळतात. आत आलुबुखाराच्या जातीचं खारवलेलं फळ असलं तरी त्यात माशाचा अर्क असू शकतो. फक्त मिठाचा गोळा सर्वात सोपा.

• गोडात *योकान* ही वडी अझुकी दाण्यांच्या पुरणाची असते आणि *कानतेन* या शेवाळापासून केलेल्या पदार्थाने घट्ट करतात. दोरायाकीत मात्र अंडं असतं.

• एकादशीची चिंता सोडा. शरद ऋतूत तिथे दुकानांच्या दारातच गरम भाजलेली रताळी ठेवलेली असतात. आमच्या एकादश्या इतक्या सुखाच्या इथेही झाल्या नव्हत्या.

*५) तिथेही हात जोडतात*

जेवायला बसलं की लहान-थोर हात जोडून *"इतादाकिमासु"* म्हणतात. अर्थ साधारण असा, की मी हे नम्रपणे स्वीकारतो. अन्न देणारा, रांधणारा, ज्याचा जीव अन्नासाठी गेला तो, सगळ्यांपुढे ती मान लववणं असतं. जेवण संपलं की *"गोचिसोसामा"*. त्या शब्दाच्या मुळात धावपळ करणं आहे : या जेवणासाठी ज्यांची धावपळ झाली त्यांना नमस्कार. आपण जेवणापूर्वी श्लोक म्हणतो, त्याचाच हा भाऊ. मुलांना आम्ही सांगितलं, दोन्ही म्हणा. आपला मनात, त्यांचा मोठ्याने.

उष्ट्या-खरकट्याचा विचारही तिथे आहे. सामाईक भांड्यात आपल्या तोंडच्या काड्या घालणं अशिष्ट समजतात, वाढायच्या काड्या वेगळ्या असतात. भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, कारण तसा भात मृताच्या उशाशी ठेवतात. एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर घरची माणसं काड्यांनी अस्थी वेचतात. अस्थी वेचलेल्या घरातल्या माणसाला ही मनाई वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आणि वाटी उचलून तोंडाला लावणं, शेवया सुर्र करून खाणं तिथे चालतं. ते पाहून हसू नये, आपल्या भुरक्याला कुणी हसलं तर कसं वाटेल?

शोजिन आहाराबद्दल पुढे आम्ही थोडं वाचलं. त्यात मांस-मासे नसतातच, आणि परंपरेने कांदा-लसणासारखे उग्र वासाचे पदार्थही वर्ज्य असतात. चातुर्मास पाळणाऱ्या आपल्या आजीला हे घरचंच वाटलं असतं. कोया पर्वतावरच्या मंदिरांत यात्रेकरूंना राहता येतं आणि असं जेवण मिळतं. झेन आचार्य दोगेन यांनी तर १२३७ साली मठातल्या स्वयंपाक्यासाठी एक ग्रंथच लिहिला. त्यात ते चीनमधल्या मठातली आठवण सांगतात. एक म्हातारा मुख्य स्वयंपाकी भर उन्हात अळंबी वाळत घालत होता. दोगेननी विचारलं, हे काम हाताखालच्यांना का देत नाही? म्हाताऱ्याच्या उत्तराचा आशय असा होता, की दुसऱ्याने केलेलं माझं होत नाही. आपल्या उत्सवात पहाटे तीनला भाताची पातेली चढवणाऱ्या सेवेकऱ्यांना ही गोष्ट आवर्जून सांगा.

*६) ऑफिस, शाळा, शेजार*

*ऑफिस.* काम संपल्यावर सगळे मिळून बाहेर जातात. न जाणाऱ्याला कुणी बोलत नाही, पण तो हळूहळू एकटा पडतो. दारूचा नेम असेल तर उलोंग चहा मागवावा आणि "कानपाई" म्हणताना तोच पेला उचलावा. तिथे आपला पेला आपण भरत नाहीत, दुसऱ्याचा भरतात. ही सेवा आपल्यालाही करता येते. बिल पुष्कळदा सारखं वाटून घेतात. आपण कमी खाल्लं म्हणून तिथे हिशोब काढू नये. जागा ठरवणाऱ्याला दोन दिवस आधी एकांतात नियम सांगावा, ताट समोर आल्यावर सगळ्यांदेखत नव्हे.

*शाळा.* तिथल्या प्राथमिक शाळेत मुलं वर्गातच एकत्र जेवतात आणि पांढरे ॲप्रन-टोपी घालून आळीपाळीने वाढतात. महिन्याचा तक्ता आधी घरी येतो. सूनबाई तो घेऊन वर्गशिक्षिकेला भेटली, न चालणाऱ्या पदार्थांवर खुणा केल्या आणि त्या दिवशी शक्यतो तशाच दिसणाऱ्या पदार्थाचा डबा देऊ लागली, म्हणजे पोर वेगळी पडत नाही. सात वर्षांची नात एक दिवस म्हणाली, "आजी, आज मी सगळ्यांना मासे वाढले!" आमचा चेहरा उतरला. ती पुढे म्हणाली, "कुणाला कमी पडू दिले नाहीत." आम्ही विचार केला. वाढण्याने तिचा नेम मोडला नव्हता, आणि पंगतीत कुणाला कमी पडू न देणं हे तर आपणच तिला शिकवलं होतं. तिला जवळ घेतलं.

*शेजार.* नव्या घरात गेलं की शेजाऱ्यांना छोटी भेटवस्तू द्यायची तिथली रीत आहे. ती पहिल्याच आठवड्यात पाळावी. आम्हाला ती आधी ठाऊक असती तर भोपळ्याचा प्रसंग वेगळा झाला असता. फोडणी देण्यापूर्वी चुलीवरचा पंखा लावावा, भिंती पातळ आणि घरं लहान असतात. तळणीचं तेल मोरीत ओतू नये. ते घट्ट करायची पावडर मिळते, ती घालून कचऱ्यात टाकतात.

*७) चुकून खाल्लं गेलं तर?*

आपल्यातला एक मुलगा ओसाकाला आहे. जवळजवळ चार महिने तो दुपारी भाजी घातलेलं उदोन खात होता, शाकाहारी समजून. एक दिवस सहकाऱ्याने सहज सांगितलं की रस्सा माशाचा असतो. त्याने कुणाला काही सांगितलं नाही. जप थांबवला, ऑनलाइन सत्संगाला येणं बंद केलं. आईला वाटलं, पोरगा तिकडे बिघडला. दोन महिन्यांनी रडत फोन आला, "माझा नेम मोडलाय, मी कोणत्या तोंडाने बसू?"

यावर आपल्या ज्येष्ठ साधकांशी बोलून जे ठरलं ते सगळ्यांसाठी इथे देतो.

एक, नकळत झालेल्या गोष्टीत संकल्प मोडत नाही. संकल्प मनाचा असतो आणि मन त्या चार महिन्यांत नेमावरच होतं. दोन, कळल्यावर मात्र ते नकळत राहत नाही. पुढच्या जेवणापासून बदल करायचा. "आता झालंच आहे" ही पळवाट. तीन, लपवायचं नाही. घरात किंवा सत्संगात एका मोठ्या माणसाला सांगायचं आणि मोकळं व्हायचं. चार, जप एक दिवसही थांबवायचा नाही. रस्सा नकळत पोटात गेला होता, जप त्याने कळून सोडला. दोन्हींत जास्त नुकसान कशाने झालं, हे त्यानेच आम्हाला सांगितलं.

आणि घरच्यांसाठी पाचवी गोष्ट. फोनवर पहिलाच प्रश्न "बाहेरचं काही खाल्लं नाहीस ना?" असा करू नका. असा प्रश्न ऐकला की मूल खरं सांगायचं बंद करतं. "आज कुणाबरोबर जेवलास?" असं विचारा. उत्तरात बाकीचं सगळं येतं.

*८) निघण्यापूर्वीची तयारी*

✓ आपली तीन गाठोडी कागदावर लिहून काढा. व्रत नेमकं किती, ते स्वतःशी स्पष्ट करा. अंडं, जिलेटिन, माशाचा रस याबद्दल आधीच ठरवा, दुकानात उभं राहून नव्हे.

✓ वरण-भात, पिठलं, उसळ, पोळी, खिचडी हे पाच पदार्थ मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही हाताखालून गेलेले असावेत.

✓ मिक्सर नेऊ नका. तिथली वीज १०० व्होल्टची आहे, आपला मिक्सर नीट चालत नाही. तिथलाच घ्यावा.

✓ ताजी फळं, कढीपत्ता, बियाणं सामानात घालू नका. तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. कोरडे मसाले पुरेसे.

✓ भेट म्हणून द्यायला घरच्या गोडाची दोन पाकिटं वेगळी ठेवा.

✓ नाही म्हणायची रीत शिकून जा : आधी दोन्ही हातांनी स्वीकार, मग आभार, मग नियम सांगणं. डबा रिकामा परत करायचा नाही, हे तर आपल्याकडेही आहेच.

*९) या पंधरवड्याचा घरचा अभ्यास*

१. रात्रीच्या जेवणानंतर घरातल्या प्रत्येकाने आपलं एक व्रत, एक सवय आणि एक नाक मुरडणं सांगावं. लहानांनी मोठ्यांचं सांगितलं तरी चालेल, मोठ्यांनी रागवू नये.

२. घरातल्या सर्वात ज्येष्ठांना विचारा : आपण या गावी आलो तेव्हा खाण्यात काय बदललं आणि काय धरून ठेवलं? उत्तर आवाजात नोंदवून आपल्या कुटुंबाच्या गटात टाका.

३. पंधरा दिवस कोणत्याही अन्नाला नाव ठेवायचं नाही. ना घरच्या, ना बाहेरच्या, ना शेजारच्या. चुकलं की तिथेच हात जोडायचे आणि पुढे जेवायचं. आम्ही टोकियोहून आल्यापासून हे करतो आहोत. पहिल्या आठवड्यात दिवसाकाठी चार-पाचदा हात जोडावे लागले.

ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांनी हा पाठ त्यांना जरूर पाठवावा. त्यांचे अनुभव, विशेषतः फसलेले, आपल्या केंद्राच्या सेवेकऱ्यांकडे कळवावेत. पुढच्या वेळी त्यांवर बोलू.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥ 🙏